अठ्ठावीस मीटरची दोरी: हाय प्रेसच्या प्रकल्प नोंदी

९ सप्टेंबर २०२५

विसर्जन होऊन तीन दिवस झाले. बावीसपैकी सतरा पोरं आली आणि त्यातल्या निम्म्यांचे घसे अजून बसलेले. आजपासून जे शिकवायचं आहे त्याला पायांइतकाच घसा लागतो, म्हणजे मुहूर्त जरा चुकलाच.

ही वही कशासाठी, ते एकदाच लिहून ठेवतो. आमच्या कोल्हापूरच्या तालमीचा अठरा वर्षांखालचा फुटबॉल संघ गेल्या मोसमात गोल कमी खायचा आणि करायचाही कमी. चार बॅक ‘डी’ला, म्हणजे गोलासमोरच्या पेनल्टी चौकटीला चिकटलेले, त्यांच्यापुढं पाच हाफ, आणि सगळ्यांच्या पुढं एकटा नऊ नंबर, म्हणजे मधला फॉरवर्ड, शेताच्या राखणीला बसवल्यासारखा. पेठेतल्या जुन्या लोकांना हे पसंत होतं. हरलो तरी शून्य-एकनं हरायचो. मला नोव्हेंबरच्या स्पर्धेपर्यंत ४-३-३ (चार बॅक, तीन हाफ, तीन फॉरवर्ड) खेळणारा संघ हवा आहे, बॉल गेला की समोरच्याच्या अंगणात जाऊन तो परत घेणारा. यालाच हाय प्रेस म्हणतात. हातात नऊ आठवडे. मध्ये दसरा, दिवाळी आणि पोरांच्या परीक्षा.

मैदान मोजलं. ९२ बाय ५७. शाहू स्टेडियमवर किंवा टीव्हीवर दिसतं ते याहून ऐसपैस असतं, मोठ्या सामन्यांचं माप १०५ बाय ६८. लहान मैदान दाब टाकणाऱ्याच्या बाजूचं असतं, लपायला जागा कमी. पण गोलापासून गोलापर्यंत एकाच किकमध्ये बॉल पोचतो, हेही खरं.

१२ सप्टेंबर

शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून मोबाइलनं अर्धा तास शूटिंग घेतलं. आपसातला सामना, सूचना एकच: बॉल गेला की लगेच मागं लागायचं.

रात्री बघताना दर मिनिटाला चित्र थांबवलं आणि मैदानावरच्या खुणांच्या आधारानं नऊ नंबर आणि शेवटचा स्टॉपर (मधला बॅक) यांच्यातलं अंतर अंदाजानं लिहीत गेलो. ४४, ४९, ४१, ५२. पुढचे तिघे जीव तोडून पळतात, मागचे चौघे जागच्या जागी उभे, आणि मधल्या पट्ट्यात भाजी मंडई भरेल एवढी जागा. समोरच्या सहा नंबरनं, म्हणजे बॅकच्या पुढच्या मधल्या हाफनं, त्या जागेत बॉल घेतला, मान वर केली, दोन पावलं चालला, मग पास दिला. कुणी जवळसुद्धा गेलं नाही. पुढच्यांना वाटतं हाफनी यायला हवं, हाफना वाटतं बॅकनी.

इटलीचे कोच अरिगो साकी आपल्या एसी मिलानच्या पोरांना सांगायचे की पुढचा फॉरवर्ड आणि शेवटचा बॅक यांच्यात २५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको. त्याच संघानं १९८९ च्या युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत रेआल माद्रिदला ५-० आणि अंतिम सामन्यात स्टेआऊआ बुखारेस्टला ४-० हरवलं. लोकांना त्यातले फॉरवर्ड गुलिट आणि व्हान बास्टेन आठवतात. मला आज रात्री त्यांचा बॅक बारेसी आठवतोय, हात वर करून अख्ख्या लाइनला पुढं नेणारा.

अर्थात साकींच्या वेळचे नियम त्यांच्या बाजूचे होते. पास निघताना बॅकच्या बरोबरीत उभा असलेला फॉरवर्ड तेव्हा ऑफसाइड, म्हणजे बेकायदा पुढं, धरला जाई, १९९० पासून तो ऑनसाइड झाला. उलट बाजूनं, १९९२ पर्यंत गोलकीपर आपल्याच बॅकचा पास हातात उचलू शकायचा, त्यामुळे दाबात सापडलेल्याला सुटायला दार उघडंच असायचं. ते दार बंद झालं आणि प्रेस करणाऱ्यांचे दिवस आले. आपण तीन मीटर सवलत घेऊ. २८.

१५ सप्टेंबर

लक्ष्मीपुरीतून नायलॉनची दोरी आणली, बरोबर २८ मीटर कापून घेतली. एक टोक नऊ नंबरच्या हातात, दुसरं चार नंबरच्या, म्हणजे आमच्या डाव्या स्टॉपरच्या. मी बॉल हातात घेऊन मैदानभर चालायचं, सगळ्यांनी त्याप्रमाणं सरकायचं. पाय लावायचा नाही, पळायचं नाही. दोरी ताणली की चूक, आणि ज्याच्यामुळं ताणली त्यानं दोरी गुंडाळायची.

पहिली वीस मिनिटं निव्वळ तमाशा. कठड्यावर बसलेले लोक विचारत होते, रस्सीखेच कधी चालू केली? नऊ नंबर पुढं गेला की चार नंबर ओढला जाऊन दोन पावलं नाइलाजानं यायचा. पण मला नेमकं तेच हवं होतं. चार नंबरला आजपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं की पुढच्यानं धाव घेतली की त्याचंही काम सुरू होतं.

सराव संपल्यावर तोच जवळ आला. “सर, लाईन वर काढली तर मागं कोण हाय?”

गोली आहे, म्हटलं. त्यानं गोलीकडं बघितलं. गोली बुटाची नाडी बांधत होता. चार नंबर काही बोलला नाही.

१९ सप्टेंबर

कधी जायचं आणि कधी थांबायचं यावर दीड तास गेला. फळ्यावर बाण काढले, पोरांनी माना हलवल्या, मैदानात गेल्यावर पुन्हा प्रत्येक बॉलवर सगळे धावले. दहा मिनिटांत जीभ बाहेर.

मग सात नंबरच्या तोंडून कबड्डी निघाली. तो शाळेच्या संघात कोपऱ्यावर असतो. त्याला विचारलं, चढाईवाला आत आला की तू लगेच पायाला हात घालतोस? “नाय सर. त्याची पाठ फिरू द्यायची.” आणि साखळीतले बाकीचे आले नाहीत तर? “मग त्यो मला घेऊन रेषेवर जातोय की.”

बस्स. पुढचं सगळं कबड्डीतच सांगितलं. समोरच्यानं आपल्या गोलाकडं तोंड करून बॉल घेतला, म्हणजे पाठ फिरली: पकड. पहिला टच पायापासून फुटभर लांब गेला, किंवा बॉल उडत आला आणि तो ताब्यात घेण्यात गुंतला: पकड. स्टॉपरकडून स्टॉपरकडं हळू आडवा पास निघाला, तर बॉल वाटेत असतानाच निघायचं, पोचल्यावर नव्हे. साइडलाइनला चिकटून बॉल घेतला तर रेषा हीच आपली बारावी खेळाडू, ती कधी थकत नाही आणि ड्रिबलही होत नाही. आणि समोरचा तोंड वर करून, बॉल पायाखाली घेऊन निवांत उभा असेल तर कोपऱ्यानं एकट्यानं हात घालायचा नाही. साखळी धरून मागं सरकायचं.

शेवटचं वाक्य शिकवायला सगळ्यात अवघड आहे. पळ म्हटलं की पोरगं पळतं. थांब म्हटलं की त्याला वाटतं आपल्याला भित्रा म्हणाले.

पुकारे ठरले. निघायचं असेल तर जवळचा हाफ ओरडणार “चल!”, लाइन चढवायला चार नंबर “वर!”, सोडून द्यायचं तर “धर!”. घसे आता सुधारलेत.

२३ सप्टेंबर

साकींचा जुना प्रयोग करून बघितला. गुलिट आणि व्हान बास्टेन यांना रचनेचं एवढं महत्त्व पटत नव्हतं, तेव्हा साकींनी एका बाजूला गोलकीपर आणि चार बॅक ठेवले, समोर दहा जण. पंधरा मिनिटांत गोल करून दाखवा, बॉल गेला तर आपल्या अर्ध्या मैदानातून पुन्हा सुरुवात. दहा जणांना गोल करता आला नाही, असं साकी सांगतात.

आमच्याकडं पंधरा मिनिटांत चार गोल झाले. माझ्या बॅकमध्ये बारेसी, माल्दिनी नाहीत, हे गृहीतच होतं. पण चारपैकी तीन गोल एकाच तऱ्हेचे: बॉल पायात असलेल्यावर कुणाचाही दाब नव्हता आणि तरी लाइन वर उभी होती. नियम लिहून टाकला, फळ्यावरून पुसायचा नाही: बॉलवर माणूस असेल तर लाइन वर, बॉल मोकळा असेल तर लाइन खाली. दोरी फक्त लांबी सांगते. ती लांबी मैदानात कुठं ठेवायची ते बॉल सांगतो.

२८ सप्टेंबर

पहिला सराव सामना, दुसऱ्या पेठेच्या संघाविरुद्ध. १-४.

सविस्तर लिहायलाच हवं, कारण हार मला अपेक्षित होती तशी झाली नाही. पोरांनी शिकवलं ते सगळं केलं. गोल किकला तिघे वर, हाफ त्यांच्या मागं, दोरीचं अंतर ठीकठाक. समोरच्या गोलीनं बॉल ठेवला, चार पावलं मागं गेला आणि उचलून थेट आमच्या स्टॉपरच्या डोक्यावर मारला. दुसऱ्या वेळीही तेच. सत्तर मिनिटं तेच. त्यांचा नऊ नंबर उंच आणि अंगानं भरलेला, तो डोकं लावायचा आणि त्यांचे दोन विंगर मागच्या मोकळ्या रानात पळायचे.

मध्यंतराला आमचा नऊ नंबर पाणी पीत म्हणाला, “सर, त्यो लांबच हाणतोय. मी पळून कुणाला धरू?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. दाब टाकायला समोरच्यानं पास तरी करायला हवा ना.

रात्री व्हिडिओवरून पीपीडीए, म्हणजे दाब मोजायचा आकडा, काढला. समोरच्या संघाच्या आक्रमणाच्या दिशेनं मैदानाचा पहिला साठ टक्के भाग घ्यायचा, तिथं त्यांनी केलेले पास मोजायचे आणि त्याच भागातल्या आपल्या टॅकल, अडवलेले पास आणि फाउल यांच्या बेरजेनं भागायचं. आकडा जितका लहान तितका दाब जास्त. आमचा आला ५.८. दिसायला झकास! कारण उघड आहे, त्यांनी पास केलेच नाहीत. हा आकडा युरोपातल्या मोठ्या लीगसाठी ठीक आहे, तिथं सगळेच मागून बांधत येतात. आमच्या पेठांत तो खुशाल खोटं बोलतो.

सामन्यानंतर आण्णा भेटले. ऐंशीच्या दशकात ते तालमीचे स्टॉपर होते. आजही प्रत्येक सामन्याला त्याच पायरीवर बसतात. म्हणाले, “चौथा गोल ऑफसाइड होता.” हो, म्हटलं, मलाही तसंच वाटलं. “वाटून काय उपयोग? लाइन्समन तुमच्या लाइनच्या दहा मीटर मागं हुता. त्यो पळायला बारकं पोरगं हाय व्हय? तुमी टीव्हीवर बघून वर चढता, तिथं परत बघायला कॅमेरे असत्यात.”

यावर मी वाद घालणार नाही. लाइन्समन बरोबरीत नसेल तर अर्ध्या मीटरचा सापळा लावणं म्हणजे जुगार. सापळा नकोच. लाइन वर चढते ती जागा आखडायला, ऑफसाइड मिळवायला नाही. ऑफसाइड मिळालं तर ती वरकमाई.

इंग्लंडच्या लीड्स संघाचीही आठवण झाली. कोच बिएल्सांनी माणसामागं माणूस लावून तो संघ २०२० साली पहिल्या नंबरानं वरच्या विभागात आणला, आणि त्याच डिसेंबरच्या २० तारखेला ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडकडून ६-२ हरले. युनायटेडच्या मॅक्टॉमिनेनं मागून धावत येऊन पहिल्या तीन मिनिटांत दोन गोल मारले. एक माणूस आपल्या जोडीदाराला चुकला की अख्खी वीण उसवते. माझ्या पोरांना माणसाला चिकटवायचं नाही, हे त्या सामन्यावरून आधीच ठरवलं होतं. बाकी धडे मला स्वतःच्याच पैशानं घ्यावे लागले.

३० सप्टेंबर

दोन रात्री कागद फाडले. लांब मारणाऱ्यांविरुद्ध दोन गोष्टी करता येतात असं दिसतंय.

पहिली: लांब बॉल येणारच, तर तो कुठून यावा ते आपण ठरवायचं. गोल किकला नऊ नंबरनं मुद्दाम मागं राहायचं, त्यांच्या कच्च्या स्टॉपरला मोकळं सोडायचं. गोलीला मोह झाला आणि पास दिला तर पकड. दिला नाही, तर निदान आपण पसरलेले नसतो.

दुसरी, आणि खरी: दुसरा बॉल. लांब किकवर पहिलं डोकं कुणाचं लागतं याला आपण फार किंमत देतो. बॉल पडतो कुठं? बहुतेक वेळा डोकं लावणाऱ्याच्या पुढं, दहा-बारा मीटरच्या आत. तिथं आमचे किती जण असतात? रविवारच्या व्हिडिओत मोजले: एक, कधी शून्य. सहा आणि आठ नंबर तेव्हा प्रेस करायला पुढं गेलेले असतात. म्हणजे गोलीनं पाय मागं नेला की “धर!” ओरडायचं, तिन्ही हाफनी उलटं फिरून स्टॉपरच्या पुढं वाटी करायची. एक स्टॉपर डोक्याला जाणार, दुसरा आणि लांबचा साइड बॅक पाठीमागं आडोसा धरणार.

म्हणजे आमचा प्रेस समोरच्या ‘डी’वर नाही, मध्यरेषेच्या आसपास सुरू होणार. दिसायला कमी शूर. मला चालेल.

२ ऑक्टोबर

दसरा. सुट्टी. तरीही आठ नंबरचा सकाळी मेसेज, दोरी घरी नेऊ का म्हणून. नाही म्हटलं.

७ ऑक्टोबर

आता जे संघ मागून पास करत येतात त्यांच्यासाठी. स्पर्धेत असे दोन-तीन असतील, दोन्ही अकादमीवाले नक्की. २०१९ पासून गोल किकचा बॉल ‘डी’बाहेर जायची वाट बघावी लागत नाही, आतच पास घेता येतो. त्यामुळे मागून बांधणाऱ्यांना एक पास फुकट मिळाला आणि प्रेस करणाऱ्यांना शिकार जवळ मिळाली.

विंगरनी कसं धावायचं यावर सगळा दिवस. फिर्मिनो, सलाह, माने यांच्या लिव्हरपूलकडून घेतलंय: विंगर साइड बॅकवर उभा राहत नाही. तो साइड बॅक आणि स्टॉपर यांच्यामध्ये राहतो आणि बाहेरून आत वळत स्टॉपरवर जातो, साइड बॅक त्याच्या सावलीत राहील असा. नऊ नंबर मधल्या सहावर पाठीनं झाकण घालतो. स्टॉपरला आता दिसतं काय? बाहेरचा पास बंद, आतला बंद. तो गोलीकडं देतो किंवा आंधळा उचलतो, आणि तिथं आपली वाटी तयार.

‘सावलीत ठेव’ हे मी सांगितलं तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. अकरा नंबर खरोखरच जमिनीवर बघत सरकला, स्वतःची लांबलचक सावली साइड बॅकच्या बुटावर पडेपर्यंत. सगळे हसले. त्याला म्हटलं, सूर्य पश्चिमेला असताना तू एका हाफात बिनकामाचा होणार.

डोक्यावरून उचललेला पास साइड बॅकला पोचलाच तर त्याच्यावर कुणी उडी घ्यायची, यावर अजून भांडण चालू आहे. आमचा साइड बॅक गेला तर मागं तिघेच. आठ नंबर गेला तर मध्ये भोक. आज दोन्ही करून बघितलं. साइड बॅकनं जायचं आणि उरलेल्या तिघांनी त्या बाजूला सरकायचं, असं ठरवतोय. लांबच्या बाजूचा त्यांचा विंगर मोकळा राहतो, राहू दे. तिथवर जाणारा बॉल हवेत दोन-तीन सेकंद असतो, तेवढ्यात सरकता येतं.

११ ऑक्टोबर

बॉल जिंकल्यावर काय? महिनाभर आम्ही बॉल हिसकावण्यात एवढे रमलो की पुढचं राहूनच गेलं. आजच्या सरावात अकरा वेळा वरच्या भागात बॉल जिंकला, दोन वेळा गोलावर मारला. बाकी नऊ वेळा जिंकणाऱ्यानं मान वर केली, मागं पास दिला आणि सगळे आपापल्या जागी जाऊन उभे राहिले, जणू दमून काम संपलं.

लिव्हरपूलचे माजी कोच क्लॉप म्हणतात की बॉल गमावल्याक्षणी टाकलेल्या दाबाइतका चांगला प्लेमेकर (गोलाची संधी घडवणारा) जगात नाही. यातलं खरं गमक एवढंच की त्या क्षणी समोरचा संघ पसरलेला असतो, बॅक बाहेर उघडलेले, हाफ पुढं निघालेले. ते पुन्हा गोळा व्हायच्या आत मारलं तरच त्या कष्टाला मोल. म्हणून नियम: जिंकल्यावर पहिला पास पुढं, दहा सेकंदांत गोलावर शॉट. वरच्या तीसेक मीटरमध्ये बॉल जिंकून दहा सेकंदांत केलेला गोल सरावात दोन गोल धरणार.

निवांत आक्रमणाचं वेगळं. पाच जण पुढं, रुंदी भरून: दोन्ही विंगर रेषेवर, नऊ मध्ये, आठ आणि दहा त्यांच्या मधल्या पट्ट्यांत. मागं दोन स्टॉपर आणि आत सरकलेला एक साइड बॅक, त्यांच्यापुढं सहा आणि दुसरा साइड बॅक. या पाच जणांना मी ‘शिल्लक’ म्हणतो. बॉल गेला तर घर चालणार शिल्लकीवर. पोरांना शब्द लगेच कळला, बऱ्याच जणांच्या घरी दुकान आहे.

आक्रमण आणि दाब ही दोन वेगळी कामं नाहीत, हे मला या पाचांच्या उभं राहण्यावरून पटलं. पुढं जाताना पासाच्या अंतरावर राहिलो तर बॉल गेला तरी हाताच्या अंतरावर असतो. ज्या दिवशी आम्ही पसरून आक्रमण करतो त्या दिवशी प्रेस कितीही ओरडून लागत नाही.

१४ ऑक्टोबर

गोली. दोन दिवस फक्त त्याच्यासोबत. त्याला ‘डी’ म्हणजे घराचा उंबरा वाटतो. बॉल समोरच्या अर्ध्यात असताना वीस मीटर पुढं उभं राहायचं, खुणेला प्लास्टिकची बाटली ठेवली. पहिल्या दिवशी बाटली तिथं आणि हा गोलाच्या रेषेवर. आज बाटलीच्या बरोबरीनं उभा होता तेव्हा आठ नंबरनं मध्यरेषेवरून डोक्यावरून टाकून गोल केला, मुद्दाम, हसत. गोली रडायला आला. आठ नंबरला मैदानाच्या चार फेऱ्या. गोलीला सांगितलं, असा गोल मोसमात एकदा होईल, आणि तू पुढं येऊन दहा वाचवशील. खरं तर दहा की सात, ते मला माहीत नाही.

यंदापासून गोलकीपरनं हातात बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर आहे. तेही घोकून घेतलं. आमचा धरतो पंधरा.

२७ ऑक्टोबर

दिवाळीनंतर पहिला दिवस. चकली, करंजी, फराळ सगळं पायात उतरलंय.

दमाचं गणित मांडलं. सत्तर मिनिटं सलग दाब टाकणं या वयात, चार वाजताच्या उन्हात शक्य नाही, आणि प्रयत्नही करायचा नाही. लाटा करायच्या. पहिली दहा मिनिटं पूर्ण दाब. मग मध्यरेषेवर थांबून वाट बघायची. गोल झाला, मग तो कुणाचाही असो, की पुढची पाच मिनिटं दाब, कारण तेव्हा समोरच्याचं लक्ष ठिकाणावर नसतं. विंगर दोन्ही पन्नासाव्या मिनिटाच्या आसपास बदलायचे. अकरा नंबरला हे अपमानास्पद वाटतं. त्याला सांगितलं, तुझ्या जागी येणाऱ्यालाही हेच काम आहे आणि त्याची पाटी कोरी आहे. पटलं नाही. बदलणार तरीही.

२ नोव्हेंबर

दुसरा सराव सामना, एका अकादमीच्या संघाशी. ३-२ जिंकलो. पीपीडीए ९.१, आणि समोरचा संघ पास करणारा होता, म्हणजे हा आकडा खरा. दोरीची अंतरं ३३, २९, ३६, ३०. पहिला गोल गोल किकवरच: अकरा नंबर बाहेरून आत वळला, स्टॉपरनं घाईत सहाकडं ढकलला, आमच्या दहानं मध्येच काढला, दोन टच, नऊ, गोल. व्हिडिओवर मोजलं, पाच सेकंद.

खाल्लेले दोन्ही गोल आमच्या सहा नंबरच्या पायातून गेले. ‘डी’पुढं पाठ करून बॉल घेतला आणि वळायला गेला. जो फास आपण दुसऱ्याला लावतो त्यात आपलाही पाय अडकतो. त्याला २०२१ ची आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) फायनल दाखवली, गोव्यातल्या फातोर्डाची. कोच लोबेरांची मुंबई सिटी मागून बांधणारी, आणि जाहूसारखा कसलेला माणूस आपल्याच गोलापुढं बॉल गमावून बसला, रॉय कृष्णानं तो डेव्हिड विल्यम्सला दिला आणि मोहन बागानचा गोल. मुंबईनं मागून बांधणं सोडलं नाही. शेवटी २-१ जिंकले, नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंग. सहा नंबरनं विचारलं, “मग मी वळू का नको?” खांद्यावरून मागं बघितलं असशील तर वळ.

९ नोव्हेंबर

स्पर्धेचा पहिला सामना, ४-१. लांब मारणारा संघ. दुसऱ्या बॉलची वाटी चालली. पोरं एवढी वेळेवर “धर!” ओरडली की समोरच्या गोलीनं एकदा किक मारायचीच थांबवली आणि पंचानं त्याला हटकलं.

आण्णा पायरीवरून उठून आले नाहीत, पण हात वर केला.

१६ नोव्हेंबर

उपांत्यपूर्व सामना. २-२, टायब्रेकरमध्ये ३-४. स्पर्धा संपली.

समोरच्यांनी आमचा ९ तारखेचा सामना बघितला होता. त्यांनी गोल किक लांबही मारली नाही आणि जवळही दिली नाही. गोलीनं मधल्या उंचीचा बॉल थेट साइड बॅकच्या छातीवर टाकला, आमच्या विंगरच्या डोक्यावरून. सावलीत ठेवलेला माणूस असाही सुटतो. आमचा साइड बॅक उडी घ्यायला अर्धा सेकंद उशिरा पोचायचा. दोन्ही गोल त्या बाजूनं. मध्यंतराला विंगरना चार मीटर मागं उभं केलं, तेव्हा थांबलं. हे विसाव्या मिनिटाला करायला हवं होतं. चूक माझी. पहिला गोल मी नशिबावर ढकलला.

टायब्रेकरवर लिहिण्यासारखं काही नाही. पाचवी किक घ्यायला सात नंबर स्वतःहून गेला, बॉल बारला लागला.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाचं मात्र लिहून ठेवतो. बॉल त्यांच्या उजव्या कोपऱ्यात, आमचे तिघे त्यावर. माझ्या तोंडून काही निघायच्या आधी चार नंबर “वर!” ओरडला आणि चौघेही मध्यरेषेपर्यंत आले. गोली बाटलीच्या जागेवर, बाटली नसताना. त्यांनी घाईत उचलला, त्यांचा नऊ नंबर चांगला तीन मीटर पुढं. झेंडा वर. लाइन्समन बरोबरीत होता.

१८ नोव्हेंबर

मोसमाचं सामान आवरलं. बॉल अठरा, त्यातले चार शिवायला टाकायचे. जाळी धुवायची. सोळा वर्षांखालची पोरं सोमवारपासून येतील, त्यांच्यासाठी चार नंबरला बोलावलंय, तो येतो म्हणाला.

दोरी मोजली. ओढून ओढून साडेएकोणतीस झाली आहे. नायलॉनचा हा दोष. पुढची कमी ताणणारी आणायची.